काउंटी जेलमधून सुटका : अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी जामीन, बॉण्ड आणि कोठडीची माहिती

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला घर कुठे घ्यावे, क्रेडिट स्कोअर कसा वाढवावा आणि मुलांना कोणत्या शाळेत घालावे हे महाराष्ट्र मंडळाच्या पहिल्याच गणेशोत्सवात चार जण आपणहून सांगतात. अटकेबद्दल मात्र कोणी बोलत नाही, कारण ती वेळ आपल्यावर येणार नाही अशी प्रत्येकाची खात्री असते आणि ज्यांच्यावर आली ते लाजेने गप्प राहतात. मेजवानीत दोन ग्लास वाइन घेऊन चालवलेली गाडी, नवरा-बायकोच्या भांडणाचा आवाज ऐकून शेजाऱ्याने ९११ ला लावलेला फोन, किंवा दुकानातल्या सेल्फ-चेकआउटवर भारतातून आलेल्या सासूबाईंच्या पिशवीत स्कॅन न होता राहिलेली वस्तू, एवढ्याशा कारणानेही सभ्य, नोकरदार घरातल्या माणसाला हातकड्या पडतात. त्या रात्री घरच्यांनी काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करण्याची घाई करू नये, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे. कायदा राज्यागणिक आणि पुष्कळदा काउंटीगणिक (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) बदलतो, त्यामुळे येथील माहितीच्या आधारे योग्य प्रश्न विचारावेत आणि उत्तरे स्थानिक वकिलाकडून घ्यावीत.

आधी शब्द नीट समजून घ्या

आपल्याकडे ‘तुरुंग’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, पण अमेरिकेत जेल वेगळे आणि प्रिझन वेगळे. प्रिझन राज्य सरकारचे किंवा केंद्र सरकारचे असते आणि तेथे शिक्षा झालेले कैदी मोठ्या मुदतीसाठी असतात. जेल बहुतेक ठिकाणी काउंटीचे असते आणि ते निवडून आलेल्या शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असते. नुकतीच अटक झालेले, खटला चालू असलेले आणि साधारण एक वर्षाच्या आतली शिक्षा भोगणारे लोक तेथे एकत्र असतात. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांवर गुन्हा अजून शाबित झालेला नसतो, म्हणजे आपल्या भाषेत ते कच्चे कैदी असतात. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, डेलावेअर, व्हर्मॉन्ट, हवाई आणि अलास्का या राज्यांत काउंटी जेलची ही पद्धत नाही, तेथे सगळा कारभार राज्याकडे असतो.

दुसरा गोंधळ ‘बेल’ आणि ‘बॉण्ड’ या शब्दांचा. बोलताना लोक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. काटेकोरपणे पाहिले तर बेल म्हणजे आरोपी तारखेला हजर राहील याची हमी म्हणून न्यायाधीशाने ठरवलेली रक्कम किंवा अटी, आणि बॉण्ड म्हणजे ती हमी लिहून देणारा करार. भारतातला जातमुचलका येथे ‘ओन रेकग्निझन्स’ या नावाने भेटतो. कॅलिफोर्नियात त्याला नुसते ‘ओआर’ म्हणतात, टेक्ससमध्ये ‘पीआर बॉण्ड’. आपल्याकडे ऐपतदार जामीनदार उभा करावा लागतो आणि तो सहसा नात्यातला किंवा गावातला असतो. अमेरिकेत हे काम पैसे घेऊन करणारा एक अख्खा धंदा आहे आणि काउंटी जेलच्या समोरच्या रस्त्यावर रात्रभर पेटलेल्या निऑन पाट्या त्याच्याच असतात. असा खासगी जामिनाचा धंदा अमेरिकेखेरीज जवळपास फक्त फिलिपीन्समध्ये आढळतो, यावरून तो किती अपवादात्मक आहे हे लक्षात यावे.

पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी असा आपला भेदही येथे नाही. तपासासाठी पंधरा दिवसांची कोठडी मागणे हा प्रकार नसतो. वॉरंटशिवाय अटक झाली असेल, तर अटकेला पुरेसे कारण होते का हे साधारणतः ४८ तासांत न्यायाधीशाने तपासले पाहिजे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रिव्हरसाइड काउंटीच्या १९९१ च्या खटल्यात ठरवून दिले आहे. हा तपास पुष्कळदा कागदावरच होतो. आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर न्यायाधीशापुढे उभे करण्याची मुदत राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. कॅलिफोर्नियात त्या मुदतीतून रविवार आणि सुटीचे दिवस वगळले जातात, त्यामुळे शुक्रवारी रात्री पकडलेल्या माणसाची सुनावणी सोमवारी किंवा मंगळवारी होणे ही तेथे नेहमीची गोष्ट आहे.

पहिली पायरी : माणूस नेमका कुठे आहे ते शोधणे

अटक शहराच्या पोलिसांनी केली असली तरी काही तासांत आरोपीला बहुधा काउंटी जेलमध्ये नेले जाते. तेथे बोटांचे ठसे, फोटो, सामानाची नोंद आणि तब्येतीची विचारपूस असे सोपस्कार होतात. याला ‘बुकिंग’ म्हणतात. ते पूर्ण होईपर्यंत त्याचे नाव कोणत्याही यादीत दिसत नाही, आणि गर्दीच्या रात्री त्याला सहज सहा-आठ तास लागतात. बहुतेक शेरीफ कार्यालयांच्या संकेतस्थळावर कैद्यांचा शोध घेण्याची सोय असते. येथे मराठी नावांची एक खास अडचण येते. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव कधी ‘मिडल नेम’च्या रकान्यात जाते, कधी पहिल्या नावाला चिकटते, तर पासपोर्टवर आडनाव वेगळे छापले गेले असेल तर तेच आडनाव ठरते. म्हणून आधी फक्त आडनाव आणि जन्मतारीख घालून पाहावे, मग पासपोर्टवर आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर आहे त्या स्पेलिंगने शोधावे, आणि तरीही सापडले नाही तर जेलला फोन करून विचारावे. पाटील, जोशी आणि कुलकर्णी एकाहून अधिक सापडू शकतात, त्यामुळे जन्मतारीख पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नाव सापडले की एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या : बुकिंग क्रमांक, लावलेली कलमे, प्रत्येक कलमापुढची जामिनाची रक्कम, पुढची तारीख व कोर्ट, आणि ‘होल्ड’ नावाची, म्हणजे जामीन भरूनही सुटका अडवणारी, काही नोंद आहे का. या पाचव्या गोष्टीकडे घाबरलेल्या माणसाचे हमखास दुर्लक्ष होते, आणि पुढे पैसे वाया जातात ते तिच्यामुळेच.

याच सुमारास एखादा फोन येऊ शकतो, की मी शेरीफच्या कार्यालयातून बोलतो आहे, तुमच्या मुलाला सोडायचे तर ताबडतोब पैसे पाठवा किंवा गिफ्ट कार्डचे क्रमांक सांगा. हा फोन ठगाचा असतो. कोणतेही जेल किंवा कोर्ट गिफ्ट कार्डवर जामीन घेत नाही. फोन ठेवून जेलच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करावा.

दुसरी पायरी : तोंड बंद आणि वकील उघड

अटक झालेल्या माणसाने नाव, पत्ता, जन्मतारीख आणि आजारपण खरे सांगावे. घटनेबद्दल मात्र दोन वाक्यांपलीकडे बोलू नये : मला वकील हवा आहे, आणि वकील येईपर्यंत मी गप्प राहणार आहे. आपल्याकडच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे फार जड जाते. साहेबांना समजावून सांगितले, चूक झाली म्हटले, की प्रकरण मिटेल, ही आशा त्याला बोलते करते आणि तेच बोलणे नंतर त्याच्याविरुद्ध वाचले जाते. पोलिसांनी हक्क वाचून दाखवले नाहीत म्हणजे केस आपोआप रद्द होते, ही समजूतही चुकीची आहे. फार तर ताब्यात असताना केलेल्या चौकशीतली उत्तरे पुराव्यातून बाद होऊ शकतात.

जेलमधून येणारे फोन रेकॉर्ड होतात, तशी सूचना प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला दिली जाते, आणि सरकारी वकील ते ऐकू शकतो. ‘आपण मराठीत बोलू, कोणाला काय कळणार’ हा भ्रम आहे; भाषांतरकार एका फोनवर मिळतो. पत्नीशी बोलताना ‘त्या दिवशी मी तुला ढकलले खरे, पण...’ असे वाक्य तोंडातून निघाले, की बचाव तिथेच अर्धा संपला. फोनवर फक्त तब्येत, औषधे, मुले आणि वकील एवढेच विषय ठेवावेत. वकिलाशी होणारे बोलणे गोपनीय असते, पण त्यासाठी त्याचा क्रमांक जेलच्या यंत्रणेत वकील म्हणून नोंदवलेला असावा लागतो.

वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळणाऱ्या पब्लिक डिफेंडरचा हक्क १९६३ च्या गिडियन खटल्यापासून मान्य झालेला आहे. चांगला पगार असणाऱ्यांना तो पहिल्या सुनावणीपुरता मिळाला तरी पुढे नाकारला जाऊ शकतो. पब्लिक डिफेंडर म्हणजे कमअस्सल वकील, हे मत मला पटत नाही. त्या काउंटीचे न्यायाधीश आणि सरकारी वकील त्यांच्या रोजच्या ओळखीचे असतात. त्यांच्याकडे वेळ कमी असतो, हे मात्र खरे. व्हिसावर असलेल्यांनी फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशन वकिलाचाही सल्ला घ्यावा. गुन्हा कबूल केल्याने देशाबाहेर काढले जाण्याचा धोका असेल तर तो सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या पडिया खटल्यात म्हटले आहे, तरी प्रत्येक वकिलाला एच-१बीच्या खाचाखोचा माहीत असतीलच असे नाही.

आई-वडील भारतातून आलेले असतील आणि प्रकरण त्यांचे असेल, तर कोर्टात मराठी दुभाष्या मागावा. ‘हिंदी चालेल’ असे संकोचाने म्हणू नये. भीतीने गोंधळलेल्या साठीच्या माणसाला परक्या भाषेतला कायदेशीर प्रश्न कळत नाही आणि तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

तिसरी पायरी : तुमच्या राज्यात पैशांचा जामीन आहे का

येथे सर्वांत जास्त पैसे वाचतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जामिनाची रक्कम अवाजवी असू नये असे अमेरिकी राज्यघटनेची आठवी दुरुस्ती सांगते. पण जामीन द्यायलाच हवा असे ती सांगत नाही, आणि गेल्या दहा वर्षांत राज्ये एकमेकांपासून फार दूर गेली आहेत.

इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीन पूर्णपणे रद्द केला. शिकागोत कोणी तुमच्याकडे जामिनासाठी पैसे मागितले तर तो फसवतो आहे, इतके स्पष्ट समजावे. न्यू जर्सीत १ जानेवारी २०१७ पासून पैशांचा जामीन जवळजवळ नाहीसा झाला आहे. एडिसनमध्ये किंवा जर्सी सिटीत अटक झाली आणि पोलिसांनी ‘समन्स’ दिले तर माणूस त्याच दिवशी घरी येतो. ‘वॉरंट’वर तक्रार झाली तर त्याला काउंटी जेलमध्ये ठेवतात, प्रीट्रायल सर्व्हिसेस या कोर्टाच्या विभागाचे कर्मचारी त्याच्या जुन्या नोंदींवरून जोखमीचे गुणांकन करतात, आणि न्यायाधीश ४८ तासांत सुटकेच्या अटी ठरवतात. सरकारी वकिलाने डांबून ठेवण्याचा अर्ज केला तरच मुक्काम लांबतो. न्यू यॉर्कमध्ये २०२० पासून बहुतेक किरकोळ गुन्ह्यांना आणि पुष्कळशा अहिंसक गंभीर गुन्ह्यांना पैशांचा जामीन लावता येत नाही, मात्र त्या कायद्यात नंतर वेळोवेळी बदल झाले आहेत. केंटकी, विस्कॉन्सिन आणि ऑरेगॉन येथे खासगी बॉण्डवाल्यांना बंदी आहे. तेथे पैसे थेट कोर्टात भरायचे असतात.

कॅलिफोर्निया आणि टेक्सस, जेथे आपले लोक मोठ्या संख्येने आहेत, तेथे बॉण्डवाल्यांचा धंदा चालू आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीचे कोर्ट गुन्ह्यानुसार जामिनाचे दरपत्रक ठरवते, आणि सुनावणीच्या आधी सुटायचे असेल तर ते दरपत्रक लागू होते. सुनावणीत मात्र न्यायाधीशाला आरोपीची ऐपत विचारात घ्यावी लागते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हम्फ्री खटल्यात हे बंधन घातले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की दरपत्रकाप्रमाणे २०,००० डॉलरचा जामीन दिसणाऱ्या, पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्या नोकरदार माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायाधीश एक पैसा न घेता ओआरवर सोडण्याची चांगली शक्यता असते. लॉस एंजेलिस काउंटीने तर ऑक्टोबर २०२३ पासून बहुतेक अहिंसक गुन्ह्यांसाठी सुनावणीआधीचे पैसे भरणेच काढून टाकले आहे.

म्हणून मध्यरात्री बॉण्डवाल्याला फोन करण्यापूर्वी वकिलाला एकच प्रश्न विचारावा : सुनावणी कधी आहे आणि तेथे पैसे न भरता सुटका होण्याची शक्यता किती. माणूस आजारी असेल, इन्सुलिनवर असेल, किंवा मधे लांब सुटी असेल तर पैसे भरून लगेच सोडवणे शहाणपणाचे ठरते. केवळ ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने दहा तास वाचवण्यासाठी दोन हजार डॉलर घालवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. पण ज्याचा माणूस आत आहे त्याला हे बाहेरून सांगणे सोपे असते, हेही मला कळते.

चौथी पायरी : पैसे भरायचेच असतील तर

समजा जामीन २०,००० डॉलर आहे. पहिला मार्ग म्हणजे पूर्ण रक्कम रोख किंवा कॅशियर्स चेकने जेलमध्ये अथवा कोर्टात भरणे. आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला तर खटला संपल्यावर ही रक्कम परत मिळते, मग निकाल काहीही लागो. काही ठिकाणी त्यातून शुल्क किंवा दंड कापला जातो. न्यू यॉर्कमध्ये दोषी ठरल्यास तीन टक्के जातात. परतावा ज्याच्या नावाची पावती आहे त्याला मिळतो, म्हणून मित्राच्या कार्डावर भरले तर पैसे मित्राकडे जातील हे आधीच बोलून ठेवावे, पावती जपावी आणि घर बदलले तर कोर्टाला नवा पत्ता कळवावा.

दुसरा मार्ग बॉण्डवाल्याचा. तो साधारण दहा टक्के, म्हणजे २,००० डॉलर, फी घेतो आणि पूर्ण रकमेची हमी देतो. हे २,००० डॉलर कधीही परत मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी केस मागे घेतली तरी नाही, निर्दोष सुटका झाली तरी नाही. अनामत आणि फी यांतला हा फरक न कळल्याने ‘केस संपली, आता आमचे पैसे द्या’ म्हणत बॉण्डवाल्याच्या काउंटरवर उभी राहणारी कुटुंबे पुष्कळ असतात.

करारावर आरोपीबरोबर आणखी एका व्यक्तीची सही घेतात. ती सही करणारा मित्र, सहकारी किंवा मेहुणा हा जामीनदार होतो. आरोपी पळाला तर पूर्ण २०,००० डॉलर आणि त्याला शोधण्याचा खर्च या माणसाकडून वसूल होतो. गाडी किंवा घर तारण दिले असेल तर ते जाते. हप्त्यांवर फी भरण्याची सोय आकर्षक वाटते, पण हप्ता थकला की वसुली जामीनदाराकडूनच होते. सही करण्यापूर्वी करार शांतपणे वाचावा, तारण कोणत्या तारखेला आणि कोणत्या अटीवर परत मिळेल हे लेखी घ्यावे, दिलेल्या प्रत्येक डॉलरची पावती घ्यावी, आणि परवाना तपासावा. कॅलिफोर्नियात हा परवाना राज्याचा विमा विभाग देतो, तर टेक्ससच्या मोठ्या काउंट्यांत बेल बॉण्ड बोर्ड देते. ‘मी एक वकील सुचवतो’ असे बॉण्डवाला म्हणाला तर तेथून उठावे. कॅलिफोर्नियात वकील सुचवण्यास त्याला मनाई आहे.

दहा टक्के म्हणजे किती लहान रक्कम आणि तिच्याअभावी काय होऊ शकते, याचे कटू उदाहरण टेक्ससच्या वॉलर काउंटीचे आहे. जुलै २०१५ मध्ये रहदारीच्या किरकोळ कारणावरून थांबवलेल्या सँड्रा ब्लँड यांचा जामीन ५,००० डॉलर होता आणि सुटकेसाठी सुमारे ५०० डॉलर लागणार होते. पैशांची जुळवाजुळव चालू असतानाच, अटकेनंतर तीन दिवसांनी, त्या कोठडीत मृतावस्थेत सापडल्या. मृत्यू आत्महत्येने झाल्याचा निष्कर्ष अधिकाऱ्यांनी काढला. त्यानंतर २०१७ मध्ये टेक्ससने जेलमधल्या मानसिक आरोग्याच्या तपासणीविषयी त्यांच्या नावाचा कायदा केला.

होल्ड : पैसे भरण्याआधीचा शेवटचा प्रश्न

दुसऱ्या काउंटीचे जुने वॉरंट, प्रोबेशनचा (जुन्या शिक्षेत देखरेखीखाली बाहेर राहण्याच्या अटींचा) भंग, किंवा इमिग्रेशन खात्याचा ‘डिटेनर’ असेल, तर जामीन भरूनही माणूस दाराबाहेर येत नाही. बोटांचे ठसे जेलमधून थेट केंद्रीय यंत्रणांकडे जातात, त्यामुळे परदेशी नागरिकाची नोंद लगेच कळते. डिटेनरमध्ये सुटकेनंतर ४८ तासांपर्यंत अडवून ठेवण्याची विनंती असते. टेक्ससच्या कायद्यानुसार जेलने ती पाळणे बंधनकारक आहे, तर कॅलिफोर्नियात स्थानिक पोलिसांना केवळ डिटेनरच्या आधारे कोणाला अडवून ठेवता येत नाही. वैध एच-१बी किंवा ग्रीन कार्ड असणाऱ्यांना हा प्रसंग कमी येतो, पण विचारून घेणे फुकट आहे. इमिग्रेशनचा बॉण्ड हा पूर्णपणे वेगळा असतो; त्याची किमान रक्कम १,५०० डॉलर आहे आणि काउंटीच्या जामिनाचे पैसे तेथे चालत नाहीत. कॅलिफोर्नियात आणखी एक होल्ड भेटतो : जामिनाचे पैसे गुन्ह्यातून आलेले नाहीत हे सिद्ध करा, असा. तो लागला तर बँकेचे उतारे आणि पगाराच्या पावत्या तयार ठेवाव्यात.

परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते; १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम तो हक्क देते. काही देशांच्या बाबतीत अमेरिकी अधिकाऱ्यांना न मागताही कळवावे लागते, पण भारत त्या यादीत नाही, म्हणून स्वतःहून ‘माझ्या कॉन्सुलेटला कळवा’ असे म्हणावे लागते. कॉन्सुलेट जामीन भरत नाही की खटला लढवत नाही. वकिलांची यादी देणे, कैद्याला भेटणे, भारतातल्या कुटुंबाला निरोप पोहोचवणे, इतके ते करू शकते.

आत काय असते

पहिले काही तास होल्डिंग सेलमध्ये जातात. सिमेंटचे किंवा स्टीलचे बाक, कोपऱ्यात आडोसा नसलेले स्टीलचे संडास, न विझणारे दिवे आणि हाडात शिरणारा गारवा. घड्याळ नसते. नाडी, पट्टा आणि बुटांच्या लेसा काढून घेतात. मंगळसूत्र, अंगठ्या, बांगड्या आणि बहुधा जानवे व मनगटावरचा दोराही प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो. वाद घालू नये, पण सामानाच्या यादीवर सही करताना प्रत्येक दागिना तीत लिहिला आहे का हे पाहावे. कोठडीत इतर कैद्यांसोबत ठेवण्यापूर्वी अंगावरचे सगळे कपडे उतरवून झडती घेतली जाऊ शकते, अगदी किरकोळ गुन्ह्यातही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिला मान्यता दिली. हे आधी माहीत असले तर धक्का थोडा कमी बसतो.

मोबाइल त्या पिशवीत बंद झाला की त्यातले सगळे क्रमांकही बंद होतात. घरातल्या प्रत्येकाने किमान दोन क्रमांक तोंडपाठ करावेत, हा या लेखातला सर्वांत स्वस्त सल्ला आहे. भारतात थेट फोन लावणे जेलमधून बहुधा जमत नाही, आणि अमेरिकेतल्या मोबाइलवर फोन यायचा असेल तर घरच्यांना संबंधित फोन कंपनीकडे आगाऊ पैसे भरून खाते उघडावे लागते.

औषधांबाबत बुकिंगच्या वेळीच बोलावे. मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड, आणि डोस किती वाजता असतो, हे स्पष्ट सांगावे. घरून नेलेल्या गोळ्या जेल सहसा स्वीकारत नाही, पण घरच्यांनी वैद्यकीय विभागाला फोन करून औषधांची नावे, डॉक्टरचा आणि फार्मसीचा क्रमांक दिला तर काम लवकर होते. कोठडीतल्या माणसाच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. काउंटी जेलमध्ये होणाऱ्या मृत्यूंत आत्महत्या हे एक प्रमुख कारण राहिले आहे आणि पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात. आपला माणूस खचला आहे, ‘आता तोंड कसे दाखवू’ असे बोलतो आहे, असे वाटले तर संकोच न करता जेलला फोन करून ‘तो स्वतःला इजा करील अशी आम्हाला भीती आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि फोन घेणाऱ्याचे नाव व वेळ लिहून ठेवावी.

जेवणाचे हाल शाकाहाऱ्यांना जास्त जाणवतात. पहाटे चार-पाचला नाश्ता येतो, आणि होल्डिंग सेलमध्ये पांढऱ्या ब्रेडमध्ये गुलाबी मांसाची चकती घातलेले सँडविच मिळते. ती चकती बाजूला काढून ब्रेड खाणे एवढाच तेथे पर्याय असतो. आतल्या विभागात गेल्यावर धार्मिक आहाराचा अर्ज करता येतो. २००० सालचा एक केंद्रीय कायदा कैद्यांच्या धर्माचरणाला संरक्षण देतो, म्हणून अर्जावर ‘आवड’ न लिहिता ‘धर्म’ लिहावे आणि गोमांस, डुकराचे मांस, अंडी यांपैकी काय चालत नाही ते एकेक करून नोंदवावे. घरच्यांनी खात्यावर पैसे भरले तर कमिसरीतून, म्हणजे जेलमधल्या दुकानातून, साबण, कॉफी आणि चिप्स घेता येतात. नूडल्सच्या पाकिटातला मसाला मात्र बहुधा कोंबडीचा किंवा गोमांसाच्या चवीचा असतो.

तक्रार असेल तर ती तोंडी न करता ग्रीव्हन्स फॉर्मवर करावी आणि त्याची प्रत मागावी. पुढे केंद्रीय न्यायालयात दाद मागायची झाली तर आतली तक्रारीची प्रक्रिया पूर्ण केल्याचा पुरावा लागतो. बाकी आतले शिष्टाचार सोपे आहेत : कोणाला त्याच्या गुन्ह्याबद्दल विचारू नये, स्वतःच्या केसबद्दल बोलू नये, उसने घेऊ नये, आणि केसचे कागद कोठडीत पडू देऊ नयेत.

सुटकेचा क्षण आणि त्यानंतरच्या अटी

पैसे भरल्यावर माणूस लगेच बाहेर येत नाही. चार तास लागतील असे धरावे, बारा लागले तरी नवल नाही. रात्री दोन वाजता दार उघडून बाहेर सोडणारी जेल आहेत, फोनची बॅटरी संपलेली असते आणि रोख पैसे डेबिट कार्डाच्या किंवा चेकच्या रूपात परत मिळतात. म्हणून कोणीतरी चार्जर, जॅकेट आणि पाणी घेऊन लॉबीत थांबावे.

सुटकेच्या कागदावरच्या अटी घरी जाण्याआधी, गाडीतच वाचाव्यात. राज्य किंवा काउंटी न सोडणे, पासपोर्ट जमा करणे, दारू न पिणे, घोट्याला जीपीएस पट्टा, ठरलेल्या दिवशी अधिकाऱ्याला फोन, अशा त्या असतात, आणि पट्ट्याचे भाडे काही काउंट्यांत आरोपीलाच द्यावे लागते. पासपोर्ट जमा झाला तर व्हिसाचे स्टॅम्पिंग आणि भारतातली लग्ने-कार्ये अडतात. प्रवासाची परवानगी वकिलामार्फत आधी मागावी लागते.

घरगुती भांडणाच्या प्रकरणात संपर्कबंदीचा आदेश जवळजवळ नेहमीच येतो आणि आपल्या कुटुंबांचा सर्वांत मोठा घोटाळा येथे होतो. आदेश असताना नवऱ्याने बायकोला फोन, मेसेज किंवा मित्राकरवी ‘जेवलीस का’ एवढा निरोप पाठवला तरी तो भंग आहे. बायकोने स्वतः घरी बोलावले तरी भंग नवऱ्याचाच होतो, कारण आदेश न्यायाधीशाचा आहे आणि तो फक्त न्यायाधीशच बदलू शकतो. दोन्हीकडच्या आई-वडिलांनी भारतातून फोनवर केलेली मध्यस्थी, विशेषतः ‘तक्रार मागे घे’ असा आग्रह, साक्षीदारावर दबाव म्हणून मोजला जाऊ शकतो. तसेही तक्रार मागे घेणे बायकोच्या हातात नसते; खटला सरकार चालवते. नवऱ्याला काही दिवस राहायला दुसरे घर लागेल. मंडळातले दोन मित्र याच वेळी कामाला येतात.

तारीख चुकली तर बेंच वॉरंट, म्हणजे न्यायाधीशाचे अटकेचे वॉरंट, निघते, जामीन जप्त होतो आणि बॉण्डवाल्याला आरोपीला पकडून परत जेलमध्ये देण्याचा हक्क मिळतो. चूक खरी असेल, पत्र जुन्या पत्त्यावर गेले असेल, तर त्याच दिवशी वकिलाला गाठावे. लगेच हजर झाल्यास वॉरंट मागे घेतले जाण्याची आशा असते.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी शेवटची गोष्ट. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. त्याने अमेरिकेतला मुक्काम आपोआप संपत नाही, पण एकदा देशाबाहेर गेल्यावर नवा व्हिसा काढल्याशिवाय परतता येत नाही. व्हिसासाठीच्या डीएस-१६० अर्जात ‘कधी अटक झाली आहे का’ असा प्रश्न असतो, त्याचे उत्तर केस रद्द झाली असली तरी ‘हो’ हेच आहे. म्हणून खटला संपल्या दिवशीच कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाच्या शिक्का मारलेल्या तीन प्रती घ्याव्यात : एक पासपोर्टच्या फाइलमध्ये, एक इमिग्रेशन वकिलाकडे आणि एक भारतातल्या घरी, कारण मुलाखतीच्या आदल्या दिवशी मुंबईत बसून काउंटीच्या क्लार्कला फोन लावायची वेळ आली, तर तेथे रात्र असते.